साडेसोळा लाखांची बचत

महाळुंग्यातल्या त्या शेडच्या कामावर माझं पद ‘कॉस्ट इंजिनियर’ असं होतं. काम समजायला सोपं आहे. बांधकाम सुरू होण्याआधी ठरवलं जातं की पाया किती रुपयांत होईल, लोखंड कितीचं लागेल, कोणत्या महिन्यात किती पैसे जातील. काम सुरू झालं की खरोखर किती गेले ते मांडायचं. दोन्ही आकडे दर आठवड्याला शेजारी ठेवायचे आणि फरक साहेबांना दाखवायचा. मी त्याचा आलेख काढायचे. ठरलेल्या खर्चाची निळी रेघ, झालेल्या खर्चाची लाल. लाल रेघ निळीच्या वर गेली की बैठकीत आवाज चढायचे. खाली राहिली की सगळे मोकळेपणाने चहा प्यायचे.

आमची कंपनी ठेकेदार होती. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी आम्ही मोठी शेड उभारत होतो. चौदा महिन्यांचं काम होतं. मी रोज सकाळी चिखलीहून कंपनीच्या बसने जायचे, कंटेनरमध्ये थाटलेल्या ऑफिसात बसायचे आणि संध्याकाळी तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास झोप काढून घरी यायचे. साइटवर मी किती फिरायचे, तर कंटेनरपासून स्वच्छतागृहापर्यंत. ही गोष्ट तेव्हा मला खटकत नव्हती. आकडे माझ्याकडे चालत यायचे, मी कशाला त्यांच्याकडे जाऊ?

आमच्या प्रोजेक्टचे प्रमुख, त्यांना आम्ही सर म्हणायचो, पन्नाशीचे होते. त्यांच्याबद्दल आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणी त्यांना खलनायक ठरवेल आणि ते तसे नव्हते. माझी मुलगी आठ महिन्यांची असताना मी नोकरी शोधत फिरत होते. तीन ठिकाणी मला विचारलं गेलं, बाळ आजारी पडलं तर काय कराल? सरांनी तो प्रश्न विचारला नाही. त्यांनी एक जुनं शीट पुढे सरकवलं आणि म्हणाले, यात चूक कुठे आहे ते सांगा. मी दहा मिनिटांत सांगितली आणि सोमवारपासून कामावर गेले.

महाळुंग्याच्या आधी आम्ही हिंजवडीत एक ऑफिसची इमारत बांधली होती. तिथे खर्च हाताबाहेर गेला. शेवटच्या बैठकीत मुख्य कार्यालयातल्या एका मोठ्या साहेबाने वीस माणसांसमोर सरांना विचारलं होतं की तुम्हाला बेरीज येते का? परतताना गाडीत सरांनी खिडकीची काच खाली केली आणि हिंजवडीपासून वाकडपर्यंत, म्हणजे त्या ट्रॅफिकमध्ये तासभर, बाहेर बघत बसले. महाळुंग्याचं काम मिळालं तेव्हा त्यांनी मला बोलावून सांगितलं की या वेळी लाल रेघ निळीच्या वर एकदाही जाता कामा नये. मला ते अगदी पटलं. त्यांचा अपमान मला माझाच वाटला होता.

चौथ्या महिन्यापासून लाल रेघ खाली राहायला लागली. माझ्या शीटमध्ये साठेक ओळी होत्या, प्रत्येक कामाची एक. जिथे ठरल्यापेक्षा कमी खर्च झाला ती ओळ मी हिरवी करायचे, जिथे जास्त झाला ती लाल. सरांना हिरवा रंग आवडायचा. सातव्या महिन्यात मुख्य कार्यालयातून कौतुकाचं पत्र आलं. त्यात माझंही नाव होतं आणि सोबत दहा हजारांचं बक्षीस. मी चाकणमधून दोन किलो पेढे आणून सगळ्या साइटवर वाटले. पत्रे बसवणाऱ्या माणसांनाही दिले. नंतर मी पुष्कळदा आठवून पाहिलं की त्यांतल्या कोणाच्या हातात मी पेढा ठेवला. चेहरे आठवत नाहीत.

सगळ्यात हिरव्या ओळींपैकी एक होती ‘उंचीवरील सुरक्षा’. शेडच्या छपरावर काम करताना खाली बांधायच्या जाळ्या, छपरावरून चालायला फळ्या, आणि कमरेच्या पट्ट्याचा हूक अडकवायला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेली पोलादी दोरी. या सगळ्यासाठी साडेएकोणीस लाख धरले होते. प्रत्यक्ष खर्च झाला होता तीन लाख. साडेसोळा लाखांची बचत.

मला ती बचत जास्त वाटली होती, हे खरं आहे. सेफ्टी ऑफिसर, एक रत्नागिरीकडचा शांत माणूस, सहाव्या महिन्यात माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला होता की त्याचं जाळ्यांचं मागणीपत्र कुठेतरी अडकलंय. मी म्हटलं, माझ्याकडे पर्चेसवाल्यांकडून काही आलेलं नाही, सरांना विचारा. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. तेव्हा मी सरांना विचारलं. ते म्हणाले, हिंजवडीच्या साइटवरच्या जुन्या जाळ्या आणल्यात, त्यांना खर्च नाही. मला उत्तर मिळालं. ओळ हिरवी का आहे याचं कारण सापडलं की माझं काम संपायचं. सेफ्टी ऑफिसर नंतर आला नाही, आणि तो का येत नाही हे मी विचारलं नाही.

आठव्या महिन्यात एक ओळ मात्र लाल झाली होती, फरशीची. कारखान्याच्या मालकांना काँक्रीटची फरशी ठरल्यापेक्षा जाड आणि वरून आणखी कडक करून हवी होती, पण जास्तीचे पैसे द्यायला ते तयार नव्हते. सर दोन दिवस जेवले नाहीत. मग कशीतरी सोय झाली आणि तीही ओळ जाग्यावर आली. सरांनी जमवलं, एवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं.

अकराव्या महिन्यात, एका मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला, मी कंटेनरमध्ये बसून आठवड्याचे आकडे भरत होते. आधी पत्रा फुटल्यासारखा आवाज आला आणि लगेच दुसरा, जड. सिमेंटचं पोतं ट्रकवरून पडल्यावर येतो तसा. मला खरंच वाटलं की पोतं पडलं. मग बाहेर माणसं पळताना दिसली, सगळी एकाच दिशेला.

मी शेडमध्ये गेले. आत अंधार असतो, म्हणून छपरात जागोजागी उजेडासाठी फायबरचे पत्रे बसवलेले असतात. वरून धूळ बसली की ते साध्या पत्र्यासारखेच दिसतात, पण माणसाचं वजन पेलत नाहीत. छपराच्या मधोमध एक भोक पडलं होतं आणि त्यातून उन्हाचा एक झोत सरळ खाली आला होता. त्या झोतात तो पडलेला होता. कुठूनतरी पाणी गळत होतं म्हणून तिघं दुरुस्तीला वर गेले होते. त्यांतला हा एक. तिशीतला माणूस, परभणीकडचा, पत्रे बसवणारा.

तो शुद्धीवर होता. तोंडातून आवाज येत नव्हता, नुसते ओठ हलत होते. कमरेला पट्टा होता. कंपनीचा नवा, नारिंगी रंगाचा पट्टा. त्याचे दोन्ही हूक त्याने पट्ट्यालाच अडकवून ठेवले होते. आधी मला वाटलं, किती निष्काळजी माणूस. मग मी वर बघितलं. अडकवायला दोरीच नव्हती. संपूर्ण छपराखाली मी नजर फिरवली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एकही जाळी नव्हती.

अकरा महिने मी त्या छपरापासून शंभर पावलांवर बसत होते.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याला कोणी हलवलं नाही. सर त्याच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसून त्याच्यावर स्वतःच्या जाकिटाची सावली धरत होते. त्याला उचलून नेल्यावर मी त्या जागेकडे बघितलं. थोडं रक्त होतं, पण फार नाही. फरशीला साधा ओरखडाही गेला नव्हता. मी बाहेर जाऊन बसले.

संध्याकाळची बस यायला वेळ होता. मी शीट उघडलं. ती हिरवी ओळ समोर होती. कितीदा ती मी बघितली असेल, पन्नास वेळा, साठ वेळा. प्रत्येक वेळी तिथे मला पैसे दिसले होते. आता पहिल्यांदा दिसलं की तो आकडा म्हणजे न आणलेल्या जाळ्या होत्या, न ताणलेली दोरी होती. मीच त्यांना हिरवा रंग दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी सेफ्टी ऑफिसरकडे गेले. त्याने ड्रॉवरमधून तीन मागणीपत्रं काढून टेबलावर ठेवली. हिंजवडीहून किती जाळ्या आल्या होत्या, मी विचारलं. तो म्हणाला, चार. दोन फाटक्या होत्या, त्या परत केल्या. उरलेल्या दोन पत्रे बसवताना इकडून तिकडे हलवत वापरल्या आणि ते काम संपल्यावर काढून टाकल्या. दुरुस्तीसाठी माणसं पुन्हा वर जातील याचा विचार कोणी केला नाही. तो रडत नव्हता, पण त्याचे डोळे सुजलेले होते. मी त्याला म्हटलं, तुम्ही माझ्याकडे परत का नाही आलात? तो म्हणाला, “मॅडम, दोनदा आलो होतो.”

त्याच दिवशी संध्याकाळी सर आणि मी दवाखान्यात गेलो. चाकणहून त्याला पिंपरीला हलवलं होतं. कमरेचं हाड मोडलं होतं आणि मणक्याला मार होता. जिवाचा धोका टळलाय असं डॉक्टर म्हणाले, पायांचं मात्र आताच सांगता येणार नाही. सर डॉक्टरांशी बोलत राहिले आणि मी बाहेरच्या बाकावर त्याच्या बायकोजवळ बसले. पंचविशीची असेल. तिने डब्याची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. भाकरी आणली होती, पण त्याला खायची परवानगी नव्हती आणि ती परत न्यावी की टाकावी हे तिला कळत नव्हतं.

तिने मला विचारलं, “ताई, तुमी काय काम करता तिथं?”

मी म्हटलं, खर्चाचा हिशोब ठेवते.

ती म्हणाली, “सगळे म्हणू लागलेत, खाली जाळी असती तर यांना काही झालं नसतं. लई महाग असती का जाळी?”

मला तो आकडा पाठ होता. अगदी शेवटच्या पैशापर्यंत. मी म्हटलं, सगळ्या जाळ्या, दोऱ्या आणि फळ्या मिळून साडेएकोणीस लाख.

“अन् तेवढे पैसे नव्हते कंपनीकडं?”

“होते,” मी म्हटलं. “वेगळे काढून ठेवले होते.”

“मंग ते कुठं गेले?”

“वाचले,” मी म्हटलं.

तो शब्द माझ्या तोंडून सवयीने निघाला. रोज मी तोच वापरायचे. पैसे वाचले. तिने माझ्याकडे बघितलं. चिडून नाही, नुसतं, जणू मी दुसऱ्याच कुठल्या भाषेत बोलले. मग तिने मान खाली घातली आणि पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

शुक्रवारी सरकारी अधिकारी चौकशीला येणार होते. गुरुवारी सकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी दाढी केली नव्हती. त्या माणसाच्या घरी त्यांनी स्वतःच्या खिशातून चाळीस हजार पाठवले होते, हे मला नंतर कळलं, त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी दार लावून घेतलं आणि शांतपणे समजावलं. सुरक्षेच्या ओळीत ठरलेला खर्च साडेएकोणीस लाख दिसतो. तो तीन लाख करायचा, पहिल्या महिन्यापासून. म्हणजे ठरलेलं आणि झालेलं जुळेल. आपण पहिल्यापासून एवढंच धरलं होतं, असं दिसेल. अंदाज चुकला असं म्हणता येईल. पैसे काढून ठेवले होते आणि वापरले नाहीत, असं दिसलं तर मात्र सगळे अडकतील.

“झालेला खर्च बदलायला मी सांगत नाहीये,” ते म्हणाले. “तो खराच राहू दे. योजना तर आपलीच असते ना? ती आपण कधीही सुधारतो.”

मी हो म्हटलं. हे मला सांगायलाच हवं. मी विचारात पडले नाही, वाद घातला नाही. हो सर, म्हटलं आणि माझ्या जागेवर येऊन शीट उघडलं. बाळ घरी ठेवून नोकरी मागायला गेले तेव्हा ज्या माणसाने मला काम दिलं, त्याचे डोळे मी इतके घाबरलेले कधी पाहिले नव्हते.

एका ओळीतला आकडा बदलला की खालच्या बेरजा बदलतात. त्या कुठे कुठे बदलतील हे बघायला मी जुन्या आवृत्त्या काढल्या. योजनेत मधे कधी फेरफार झालाय का, तेही तपासायला हवं होतं. आठव्या महिन्याच्या आवृत्तीत एक फेरफार सापडला. सुरक्षेच्या ओळीत मूळ साडेएकोणीस लाख तसेच दिसत होते, पण तिच्या शिलकीतून चौदा लाख वेगळ्या नोंदीने फरशीच्या ओळीकडे वळवले होते. सरांनी जमवलं होतं ते हेच. शेजारी शेरा होता, ‘मेल पाहा’. मी तारीख टाकून मेल शोधला.

मेल माझा होता.

मी सरांना लिहिलेला. चार ओळींचा. सर, फरशीच्या जादा खर्चाची चिंता नको, उंचीवरील सुरक्षेत मोठी शिल्लक आहे आणि पत्र्यांचं काम संपत आल्यामुळे ती आता लागणार नाही, त्यातले चौदा लाख वळवता येतील. खाली माझं नाव आणि एक हसरा चेहरा. सरांचं उत्तर होतं, फार छान सुचवलंत.

मी तो मेल किती वेळा वाचला ते माहीत नाही. मला काही केल्या तो लिहिल्याचं आठवेना. कोणीतरी माझ्या नावाने पाठवला असेल, इथपर्यंत माझं मन गेलं. पण वाक्य माझंच होतं. ‘चिंता नको’ मीच लिहिते. हातात चहा असेल, बसला वेळ असेल, मी दोन मिनिटांत ते लिहून टाकलं असेल आणि विसरून गेले असेन. एका माणसाच्या खालची जाळी काढून तिचे पैसे मी त्याच्या खालच्या फरशीत ओतले होते, आणि ते माझ्या लक्षात राहण्याइतकंही मोठं नव्हतं.

मी शीट बंद केलं. काही बदललं नाही. पोटात दुखतंय असं सांगून दुपारीच घरी निघाले. पण घरी न जाता पिंपरीला वडिलांकडे गेले. वडील तीस वर्षं एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. आमच्या वस्तीतली बहुतेक घरं कामगारांचीच, त्यामुळे अपघाताची गोष्ट तिथे कोणाला नवी नसते. वडिलांना मी सगळं सांगितलं, मेलसकट. ते टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत होते.

मला वाटलं होतं ते सरांना शिव्या देतील. ते म्हणाले, “आमच्या खात्यात हाताला जपणारं मशीनचं गार्ड काढून ठेवलं की तासाला जास्त पीस निघायचे. बक्षीस मिळायचं. गार्ड कोण काढायचं, माहितीये? आम्हीच.” मी विचारलं, मी काय करू? ते म्हणाले, “अधिकाऱ्याला शीट देणार असशील तर मेलही दे. नुसतं साहेबाला पुढं करू नकोस.”

शुक्रवारी सकाळी मी आधी सरांकडे गेले. म्हटलं, मी बदल केलेला नाही आणि करणार नाही. मेलची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती वाचली आणि मला धक्का बसला तसाच त्यांनाही बसलेला मी पाहिला. त्यांनाही तो आठवत नव्हता. ते म्हणाले, “यात तुम्हीही जाल, मॅडम.” धमकी नव्हती ती. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

अधिकारी कोरडे, कामापुरतं बोलणारे होते. मी त्यांना सगळ्या आवृत्त्या दिल्या, मागणीपत्रांच्या प्रती दिल्या, मेल दिला. त्यांनी मेल वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की हा तुम्ही स्वखुशीने देताय का? मी हो म्हटलं. त्यांनी माझी सही घेतली आणि कागदांवर नंबर घातले. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं घडेल. त्यांनी फक्त पुढची फाइल मागितली.

पुढचं सावकाश घडत गेलं. काम पंधरा दिवस थांबलं. त्या पंधरा दिवसांत जाळ्या आल्या, दोरी ताणली गेली, फळ्या आल्या, तीन मागणीपत्रांना जे जमलं नव्हतं ते. सरांना मुख्य कार्यालयाने बाजूला केलं आणि चार महिन्यांनी त्यांनीच राजीनामा दिला. कंपनीवर खटला झाला. मला मेमो मिळाला, पगारवाढ थांबली आणि कंटेनरमध्ये माझ्याबरोबर कोणी जेवायला बसेना. सेफ्टी ऑफिसर तेवढा बसायचा. त्या माणसाच्या नुकसानभरपाईत मात्र कंपनीच्या वकिलांना फार घासाघीस करता आली नाही, कारण पैसे होते आणि वापरले नाहीत हे कागदावर होतं. रक्कम मिळाली. पुरेशी होती असं मी म्हणणार नाही. दोन्ही पायांतलं बळ गेलेल्या तिशीतल्या माणसाला पुरेशी रक्कम कोणती, हे मांडायला माझ्या शीटमध्ये ओळ नाही.

नोकरी सोडण्याआधी शेवटचं काम म्हणून मी त्या शेडचा समारोपाचा अहवाल केला. भरपाई, दंड, पंधरा दिवसांचं नुकसान, उशिरा आणलेल्या जाळ्या, सगळं त्यात धरलं. बेरीज तीनदा तपासली, कारण माझा विश्वास बसेना. इतकं सगळं होऊनही लाल रेघ निळीच्या खालीच होती. काम ठरल्यापेक्षा कमी खर्चात पूर्ण झालं होतं. अहवालावर मुख्य कार्यालयाचा शेरा आला, ‘समाधानकारक’. मी तो कागद फाइलला लावला.

आता मी भोसरीत एका लहान कंपनीत हेच काम करते. रंग देत नाही. एखाद्या ओळीत फार कमी खर्च दिसला की हेल्मेट घालून जाऊन बघते की ती वस्तू आली आहे का. लोकांना याचा त्रास होतो.

गेल्या वर्षी मी त्या छपरावरून पडलेल्या माणसाच्या घरी पुन्हा गेले; भरपाईच्या कागदांसाठी आधी दोन-तीनदा जाणं झालं होतं. चाकणच्या बाजारामागे एका खोलीत ते दोघं राहतात. बायको कांद्याच्या बाजारात निवडायच्या कामाला जाते. तो घरात बसून मोबाइल दुरुस्त करतो, वॉकर धरून दारापर्यंत येतो. ती चहासाठी दूध आणायला बाहेर गेली आणि तो हातातला स्क्रू लावत, माझ्याकडे न बघता बोलायला लागला. म्हणाला, आम्हाला ठाऊक होतं जाळी नाही ते. दोनच होत्या, नंतर त्याही काढल्या, वर जाताना दिसायचं की. मुकादमाला विचारलं होतं. मुकादम म्हणायचा, ऑफिसातली मॅडम पैसे सोडत नाही.

मी म्हटलं, “ती मॅडम मीच.”

“ते म्हाईत हाय मला,” तो म्हणाला. “दवाखान्यात तुमी आलता, तवापासून. हिशोबाच्या मॅडम आल्या व्हत्या, हिनंच सांगितलं.”

मी विचारलं, बायकोला सांगितलंत?

“न्हाई. ती तुमच्याशी बोलायची बंद झाली असती. अन् भरपाईला लागणारी कागदं तर तुमच्याकडं होती.”

त्याने स्क्रू घट्ट केला, मोबाइल चालू करून पाहिला आणि बाजूला ठेवला. ती दूध घेऊन आली आणि तिने चहा ठेवला. त्याने तिला सांगितलं की मॅडमना साखर कमी लागते, आणि चहा झाल्यावर माझ्या हातात कप दिला.